सिंधूचं दुःख आणि सुधाकराची शोकांतिका

गोदाकाठ (धागाकर्ता)

राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातली शोकांतिका नेमकी कोणाची, दारूत बुडणाऱ्या सुधाकराची की त्याच्या बायकोची, सिंधूची? आमच्या वाचनगटात हा प्रश्न निघाला आणि जवळजवळ सगळ्यांनी सिंधूचं नाव घेतलं. त्यात नवल नाही. गंधर्व नाटक मंडळीनं २० फेब्रुवारी १९१९ला बडोद्यात पहिला प्रयोग केला, तेव्हापासून मराठी प्रेक्षक सिंधूसाठी रडत आला आहे. (तो प्रयोग पाहायला गडकरी नव्हते. महिनाभर आधी, २३ जानेवारीला, अवघे ३३ वर्षांचे असताना ते गेले.) सिंधूच्या भूमिकेत ठिगळाचं लुगडं नेसलेले बालगंधर्व रंगमंचावर आले की थिएटरात काय होत असे, हे आपण सगळ्यांनी घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं आहे.

तरीही मला ठामपणे वाटतं की सिंधूच्या वाट्याला येतं ते दुःख आहे. शोकांतिका सुधाकराची आहे.

सिंधू पहिल्या अंकात जशी आहे तशीच शेवटच्या अंकात आहे. माहेरची श्रीमंती, नवऱ्याचं प्रेम, अंगावरचे दागिने, तान्हं मूल हे सगळं एकेक करून तिच्याकडून जातं. ते घेणारा दुसराच कोणीतरी असतो. सुधाकराचं तसं नाही. तो हुशार वकील आहे, मानी आहे. ज्या ताठ कण्यामुळे तो वर आला, तोच कणा त्याला मुन्सफासमोर, म्हणजे न्यायाधीशासमोर, वाकू देत नाही. वकिलीची सनद जाते. तो अपमान गिळता येत नाही म्हणून तो पहिला प्याला घेतो. पुढे दारू सोडतो, नोकरी मागायला दारोदार जातो, तिथे पुन्हा अपमान होतो आणि तो परत बाटलीकडे वळतो. त्या वेळी तो डोळस असतो. या वाटेवरून कोणी परत येत नाही, हे तो आपल्या मित्राला, रामलालला, स्वतःच समजावून सांगतो आणि तरी चालू लागतो. बुडणारा माणूस आपण का बुडतोय हे बुडता बुडता इतक्या स्वच्छपणे सांगतोय, असं दृश्य मराठीत दुसरं मला आठवत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलनं आपल्या 'काव्यशास्त्र' या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात म्हटलंय की सर्वस्वी सज्जन माणूस सुखातून दुःखात कोसळताना दाखवू नये. त्यातून भय निर्माण होत नाही आणि करुणाही नाही, मन फक्त विटतं. दुष्ट माणसाचं पतनही उपयोगाचं नाही. हवा असतो मधला माणूस, तुमच्याआमच्यासारखा, जो दुष्टपणामुळे पडत नाही, एका प्रमादामुळे, म्हणजे चुकीमुळे, पडतो. करुणेबद्दलचं त्याचं म्हणणं मला पटत नाही, सिंधूला पाहून करुणा येतेच. पण भयाबद्दल तो अगदी खरं बोलतो. सिंधूला पाहून मला तिच्यासाठी वाईट वाटतं. सुधाकराला पाहून मला माझी भीती वाटते, कारण अपमान गिळता न येणं ही गोष्ट माझ्यातही आहे.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे रोजचा पेपर. बस दरीत गेली, शोकांतिका. दरड कोसळली, शोकांतिका. कांदा रस्त्यावर ओतला, शोकांतिका. एका शब्दात आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आहोत! ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं झोपेतून उठल्या-उठल्या गाडली गेली. त्या दुःखाला सीमा नाही. पण त्या माणसांनी काय केलं होतं? ती फक्त आपल्या घरात होती.

तुम्हाला काय वाटतं, ते सविस्तर लिहा.

---

तिसरी घंटा

मी हौशी नाटकवाला, त्यामुळे तालमीतलं सांगतो. 'नटसम्राट'मधले प्रवेश आम्ही अनेकदा बसवले. गणपतराव बेलवलकर हा म्हातारा नट करणाऱ्या नटाचं पहिलं वळण ठरलेलं असतं: तो पहिल्या प्रवेशापासूनच 'बिचारा म्हातारा' होतो. आवाज थरथरतो, खांदे पडतात. मग नाटक वाईट मुलांची गोष्ट होऊन बसतं. प्रेक्षक रडतो आणि घरी जाताना सुनेला नावं ठेवतो.

सुरुवातीला गणपतराव ऐटीत दिसले पाहिजेत. सगळी इस्टेट मुलांना वाटून टाकतात तेव्हा तो व्यवहार नसतो, तो त्यांच्या आयुष्यातला एक भव्य प्रवेश असतो आणि ते तो टाळ्यांसाठी करतात. ज्या वृत्तीनं चाळीस वर्षं रंगभूमी गाजवली, तीच वृत्ती घरात आणली. घरात टाळ्या नसतात. सावध करणारी बायको कावेरी शेजारी उभी आहे आणि हे ऐकत नाहीत. हे दिसलं तरच पुढचं 'कुणी घर देता का घर' अंगावर येतं. नाहीतर ती नुसती याचना होते.

२३ डिसेंबर १९७०ला डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका पहिल्यांदा केली. मी तो प्रयोग पाहिलेला नाही, पण ज्यांनी पाहिला ते त्यांच्या रडण्याबद्दल बोलत नाहीत, त्यांच्या ताकदीबद्दल बोलतात. माझ्या मते इथेच उत्तर आहे. आधी उंची दिसली नाही तर पडणं कळत नाही.

---

शमीवृक्ष

धागा आवडला. पण एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी काढली नाही. ज्या ग्रीकांकडून हा नाट्यप्रकार आला, त्यांच्याकडे शोकांतिकेचा शेवट शोकात व्हायलाच हवा असं बंधन नव्हतं.

इ.स.पू. ४५८मध्ये एस्किलसनं ओरेस्टेसची नाट्यत्रयी सादर केली. तिच्या तिसऱ्या भागात आईचा खून केलेला ओरेस्टेस अथेन्सच्या न्यायसभेत सुटतो आणि त्याच्या मागे लागलेल्या सूडदेवता शांत होऊन त्याच नगरात मानानं राहायला जातात. सोफोक्लीसचा फिलोक्टेटिस शेवटी जहाजात बसून निघतो, त्याची जखम बरी होणार असते. युरिपिडीसच्या एका नाटकात इफिजिनिया परक्या देशात पुजारीण आहे, समोर आलेल्या अनोळखी तरुणाचा बळी दिला जाणार आहे आणि ऐन वेळी कळतं की हा आपला सख्खा भाऊ! दोघं निसटतात. गंमत अशी की ज्या अ‍ॅरिस्टॉटलनं तेराव्या प्रकरणात दुःखद शेवटाची बाजू घेतली, तोच चौदाव्या प्रकरणात म्हणतो की वेळेत ओळख पटून अनर्थ टळणं हा सर्वात उत्तम प्रकार, आणि तिथे दाखला याच इफिजिनियाचा देतो. या दोन प्रकरणांचा मेळ कसा लावायचा यावर अभ्यासक अजून भांडतात.

मला यातून एवढं दिसतं की किती माणसं मेली, किती अश्रू आले, शेवट कसा झाला, यावर काही ठरत नाही. माणूस अशा जागी उभा आहे का, जिथे त्याच्या हातून, त्याच्याच चांगुलपणातून, भयंकर काही घडू शकतं? ती जागा म्हणजे ट्रॅजेडी. मग ते घडो किंवा एका केसानं टळो.

---

मृगशीर्ष

मी नाटकातली जाणकार नाही. भाऊ अपघातात गेला त्यानंतरचे दिवस आठवतात. भेटायला येणारे 'केवढी शोकांतिका' म्हणायचे आणि मला ते नको व्हायचं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता धागा वाचताना कळतंय. तो शब्द आला की माझा भाऊ एका गोष्टीतलं पात्र व्हायचा. लोक त्या गोष्टीला सुरुवात शोधायचे. रात्री निघालाच कशाला, गाडी कोण चालवत होतं, आदल्या दिवशी घरी काही बोलणं झालं होतं का. त्याची काहीतरी चूक सापडली की त्यांना बरं वाटायचं, असं मला वाटायचं.

त्याची काही चूक नव्हती. समोरून ट्रक आला. एक बाई रोज यायच्या, काही न बोलता आईजवळ बसायच्या आणि उठून जाताना भाजी निवडून ठेवायच्या. त्यांचाच आधार वाटला.

म्हणून हा फरक नुसता नाटकवाल्यांपुरता आहे असं मला वाटत नाही. दुःखाला दुःखच राहू द्यावं.

---

गोदाकाठ

मृगशीर्षताई, तुम्ही हे इथे लिहिलंत, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुम्ही म्हणता तसंच आहे. शोकांतिका या शब्दात 'तुझ्या हातून काय झालं?' हा प्रश्न दडलेला असतो. ज्याच्या हातून काहीच झालं नाही, त्याला तो विचारणं क्रूरपणा आहे.

---

वऱ्हाडातला

राजेहो, मी यवतमाळ जिल्ह्यातला. या शब्दाचा सर्वात जास्त मार आमच्यावर पडला आहे. 'शेतकऱ्याची शोकांतिका' असा मथळा आमच्याकडे दर आठवड्याला असतो.

आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ला बायको-पोरांसह जीव दिला. त्या तारखेला आता दरवर्षी ठिकठिकाणी उपवास धरतात, मीही धरतो. त्या दिवशी मनात एकच येतं, की याला शोकांतिका म्हणणं म्हणजे दैवाकडे बोट दाखवून मोकळं होणं. कापसाला भाव किती द्यायचा, वीज कधी सोडायची, कर्ज कोणाला द्यायचं, निर्यात कधी बंद करायची, हे दैव ठरवत नाही. माणसं ठरवतात, टेबलापाशी बसून, तारीख टाकून, सही करून. त्याला अन्याय म्हणा. अन्यायाचा जाब विचारता येतो. शोकांतिकेपुढे फक्त हात जोडता येतात.

पण एक गोष्ट मला स्वतःलाच छळते, तीही लिहितो. पहिली पेरणी वाया गेली, की आमचा माणूस उसनं बियाणं आणून दुबार पेरतो. तेही गेलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा पेरतो. 'जमीन पडीक ठेवणार नाही' हा त्याचा हट्ट. याच हट्टानं आमच्या आजा-पणज्यानं ती जमीन कसदार केली, आणि याच हट्टानं नातू कर्जात जातो. घेतलेल्या पैशाच्या शब्दाला जागणं, चार लोकांत मान खाली जाऊ न देणं, हे काही दुर्गुण नव्हेत. सुधाकराबद्दल तुम्ही जे लिहिलं ते वाचताना मला माझा चुलता दिसत होता. तेव्हा आता मी काय म्हणू?

---

गोदाकाठ

फार खोल लिहिलंत दादा. दोन दिवस विचार करून उत्तर देतोय.

मला वाटतं दोन्ही खरं आहे, फक्त दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिलेलं. तुमच्या काकांचं आयुष्य तुम्ही सांगाल, त्यांचा स्वभाव, त्यांचा हट्ट, त्यांनी कुठे मान तुकवली नाही ते सांगाल, तेव्हा ती शोकांतिका असेल. तसं म्हणण्यात त्यांचा मान आहे, कारण ते नुसते बळी ठरत नाहीत, निर्णय घेणारा माणूस ठरतात. पण हजारो माणसांना एकत्र करून मथळ्यात तोच शब्द टाकला, की कोणाचाच स्वभाव, कोणाचाच निर्णय उरत नाही. उरते ती धोरणाची गोष्ट, आणि तिला तुम्ही वापरलेला शब्दच योग्य आहे.

भोपाळच्या विषारी वायुगळतीचं तसंच. १९८२ पासून पत्रकार राजकुमार केसवानी तिथल्या वर्तमानपत्रांत लिहीत होते की हा कारखाना एक दिवस शहराचा जीव घेईल. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ते खरं झालं. जून २०१०मध्ये खालच्या न्यायालयानं दोषींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्या रात्रीला जगभर ट्रॅजेडी म्हणतात. मला तो शब्द तिथे सहन होत नाही.

---

उत्तररात्र

संस्कृतकडून थोडी भर. आपल्याकडे शोकांतिका नव्हती असं सरसकट म्हणतात. नाट्यशास्त्रात करुण रस आहे, शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना. भरतमुनींनी तिथे एक सुंदर भेद केला आहे. प्रियजनाचा वियोग करुणात असतो आणि विप्रलंभ शृंगारातही, म्हणजे ताटातूट झालेल्या प्रेमिकांच्या शृंगारातही असतो. मग वेगळेपण काय? विप्रलंभात आशा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. म्हणजे दुःख ओळखण्याची त्यांची खूण आशा ही होती. कोणी काय केलं, याची विचारणा तिथे नाही. ग्रीकांनी कृतीकडे पाहिलं, आपल्या लोकांनी मनाच्या अवस्थेकडे पाहिलं.

पण प्राचीन संस्कृत नाटककार भासाचं 'ऊरुभंग' वाचा. त्रावणकोरात गणपतिशास्त्र्यांना भासाच्या नावावरची तेरा नाटकं मिळाली, १९१२ पासून ती छापली गेली, त्यातलं हे एकांकी. दुर्योधन मांड्या मोडून पडला आहे. त्याचा लहानगा दुर्जय येतो आणि नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला बसू देऊ शकत नाही. ज्या मांडीवर द्रौपदीला बसायला बोलावलं होतं, ती ही मांडी! भास इथे एक शब्दही जास्त बोलत नाही. चिडलेल्या बलरामाला दुर्योधन शांत करतो, मुलाला सांगतो की पांडवांना माझ्यासारखंच मान, आणि प्रेक्षकांसमोर रंगभूमीवरच प्राण सोडतो. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये हा संकेत मोडून. मी हे नाटक शिकवतो आणि दर वेळी त्या जागी थांबावं लागतं.

महाभारतातला दुर्योधन मला कधी ट्रॅजिक वाटला नाही. भासाचा वाटतो, कारण त्याला उमगतं.

---

रानपाखरू

आणि कर्ण? एवढं बोलणं झालं आणि कर्ण आला नाही!

---

शमीवृक्ष

कर्णावर वेगळा धागा लागेल. इथे फक्त उद्योगपर्वातली एक जागा सांगतो. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. कर्ण काय म्हणतो? अधिरथ आणि राधेनं मला वाढवलं, दुर्योधनानं माझ्या भरवशावर युद्ध मांडलं. हे रहस्य युधिष्ठिराला सांगू नकोस, कारण तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. वर असंही सांगतो की मी स्वप्नात पांडवांचा विजय पाहिला आहे.

ग्रीक नाटकातल्या ईडिपसला सत्य कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. कर्णाला आधी कळतं, सुटायचं दार उघडं असतं, आणि तो नको म्हणतो. त्याला लहानपणापासून जे सोसावं लागलं, सूतपुत्र म्हणून जे ऐकावं लागलं, ते दुःख. कृष्णाला दिलेला नकार ही शोकांतिका. एकाच माणसात दोन्ही आहेत, आणि कीर्तनात आपण बहुतेकदा पहिल्यासाठीच रडतो.

---

चाफेकळी

मला परत सिंधूकडे जायचं आहे. धाग्याच्या सुरुवातीपासून खटकतंय ते आता लिहिते.

सिंधू काहीच करत नाही, सगळं तिच्यावर कोसळतं, असं गोदाकाठ म्हणतात. मग फौजदाराच्या प्रवेशाचं काय? मूल मेलंय. ती स्वतः मरायला टेकली आहे. रामलाल उभा आहे, भाऊ पद्माकर उभा आहे, सुधाकराला शिक्षा व्हावी म्हणून भाऊ तळमळतोय. सिंधूनं खरं तेवढं सांगायचं आहे. आणि ती खोटं बोलते. मी पडले, मला लागलं, असं सांगून नवऱ्याला सोडवते. ही कृती नाही? पूर्ण शुद्धीत घेतलेला निर्णय आहे तो.

त्याच्याही आधी बघा. माहेर श्रीमंत आहे, न्यायला तयार आहे. ती जात नाही. का? कारण ती पतिव्रता आहे आणि तिच्या जगात याहून मोठा गुण नाही. त्याच गुणापायी तिचं तान्हं मूल दारुड्याच्या काठीच्या टप्प्यात राहतं. सुधाकराचा मानीपणा जर त्याचा प्रमाद, तर सिंधूचं पातिव्रत्य हा तिचा प्रमाद का नाही? आपण तिला बिचारी म्हणून रडतो, कारण बाईचा निर्णय आपल्याला निर्णय वाटत नाही. तिचा स्वभावच तसा, असं म्हणून सोडून देतो. माझ्या आजीनं अशाच संसारात उभं आयुष्य काढलं. सगळे म्हणायचे, सोसलं बिचारीनं. आजी तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, मी राहायचं ठरवलं होतं.

---

तिसरी घंटा

चाफेकळी, हा प्रतिसाद प्रिंट काढून तालमीच्या भिंतीवर लावणार आहे.

---

गोदाकाठ

चाफेकळी, तुमच्या मुद्द्यापुढे मी बराच वेळ अडकलो. सिंधू कृती करते, हे निर्विवाद. तिचा सद्गुणच तिच्या घराचा नाश करतो, हेही. मला एकच गोष्ट अडते. सुधाकराला शेवटी उमगतं आणि तो दारूत विष कालवून पितो. भासाच्या दुर्योधनाला उमगतं. सिंधूला मरेपर्यंत उमगत नाही. नवऱ्याच्या पायांवर आपण योग्यच वागलो या समाधानात ती जाते. ग्रीकांच्या हिशेबात जो ओळखीचा क्षण लागतो, तो तिच्या वाट्याला येतच नाही.

---

चाफेकळी

तिच्या वाट्याला येत नाही, पण नाटकात तो आहे. सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाची बायको गीता. तिचा नवरा सिंधूच्या नवऱ्यासारखाच, परिस्थिती तशीच, पण ती तोंडानं फटकळ आहे, जे दिसतं ते बोलते. बायकांनी असं का सोसायचं, हे तीच विचारते. गडकऱ्यांनी एकीला सोसायला ठेवलं आणि दुसरीला कळायला. आपण गीतेला विनोदी पात्र समजून हसतो आणि सिंधूसाठी रुमाल काढतो.

---

उत्तररात्र

म्हणजे सिंधूच्या शोकांतिकेतला ओळखीचा क्षण प्रेक्षकानं पुरा करायचा आहे, असं तुम्ही म्हणताय. १९१९च्या प्रेक्षकानं तो केला नसावा, त्यानं तिची पूजा केली. आजच्या प्रेक्षकाला तो करता येईल. एकच संहिता शंभर वर्षांत दुःखाकडून शोकांतिकेकडे सरकू शकते, हे मला नवीन आहे.

---

तिसरी घंटा

मग हे करून बघायलाच हवं. फौजदाराचा प्रवेश पुढच्या महिन्यात वाचनाला घेतोय. आजवर सिंधू करणारी मुलगी ती जबानी हुंदके देत, तुटक तुटक म्हणायची. या वेळी तिला सांगणार आहे की आवाज स्थिर ठेव, फौजदाराच्या डोळ्यांत बघ, आणि तुला माहीत आहे की तू खोटं बोलते आहेस. गीतेला त्या प्रवेशात संवाद नसला तरी तिला एका बाजूला उभी करावी असं मनात आहे. संहितेशी इतकी सूट घ्यावी का, यावर इथल्या जाणकारांचं मत हवं आहे. चाफेकळी, तुम्ही पुण्यात असाल तर वाचनाला या.

---

चाफेकळी

येते. गीतेला उभी करा, पण तिला रडू देऊ नका.